रक्तावर ढकललेला नकार

पुणे
दि. ११ जानेवारी १९९५

तीर्थरूप मामा आणि मामी यांस,

जोतिरामचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक. सोबत तिळगुळाची पुडी पाठवतो आहे. पोस्टात तिचा भुगा झाला तर चमच्यानं खा, पण गोड बोला.

तुमचं दोन तारखेचं पत्र मिळालं. द्राक्षाच्या मण्यात पाणी भरायला लागलंय, फवारणी चालू आहे आणि तुमचा गुडघा अजून दुखतोच आहे, हे समजलं. गुडघ्यावर पलटणीतला उपाय करू नका, म्हणजे दुखतोय म्हणून आणखी दोन मैल जास्त चालू नका.

आता पत्राच्या शेवटी तुम्ही जे मागितलंत त्याबद्दल. कुपवाडच्या वर्कशॉपवाल्या मुलाचं, अर्जुनाचं, स्थळ तुमच्या धाकट्या पूजासाठी आलं आहे आणि त्या मंडळींना मुलगी पसंत आहे, हे वाचून आनंद झाला. पण 'या घराच्या रक्तात काहीतरी आहे' असं त्यांच्या कानावर गेलंय आणि पुण्यात रक्ताचंच काम करणाऱ्या भाच्यानं 'पूजा निर्दोष आहे' असं लिहून द्यावं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही लिहिलंत, "दोन वळीचं काम हाय, टाळू नको." मामा, मी टाळत नाही. दोन ओळीत ते बसत नाही, एवढंच.

तुमच्या अंजनाची, म्हणजे आमच्या वहिनीची, दोन्ही मुलं ज्या आजारानं गेली तो पांढऱ्या पेशींचा आजार. जखम झाली की या पेशींनी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटायचं, तिथून बाहेर पडायचं आणि जंतूंशी लढायचं, अशी व्यवस्था असते. चिकटताच आलं नाही तर त्या नुसत्याच रक्तातून वाहत राहतात. चिकटण्याचं काम करणारी जनुकं पुष्कळ आहेत आणि ती एकमेकांच्या नात्यातली आहेत. त्यातलं कोणतं कोणत्या गुणसूत्रावर बसलंय याचा नकाशा लावणं हे आमच्या प्रयोगशाळेचं काम. सध्या माझ्याकडे या जनुकांतल्या तीन बहिणी आहेत. दोघी एकोणिसाव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी राहतात आणि तिसरी एकटीच सतराव्यावर. ती तिकडे कशी गेली कुणाला सांगता येत नाही. परदेशातल्या लोकांनाही ती तिथेच सापडली आहे, तरी आमचे सर म्हणतात पुन्हा करून बघा. म्हणून पुन्हा करतो आहे. कामाचा ढीग पडला आहे.

सांगायचा मुद्दा असा की या बाबतीत निर्दोष आणि सदोष असे सरळ दोन ढीग नसतात. घाईनं काही लिहून देणं शास्त्राला धरून होणार नाही. महिनाभर थांबावं.

सुटी मिळाली तर पुढच्या आठवड्यात फलटणला घरी जाईन. मामींच्या हातची शेंगदाण्याची चटणी संपली आहे, हे सहज कळवलं. पूजाला आशीर्वाद.

थोडी सबुरी मागणारा तुमचा भाचा,
जोतिराम


फलटण
दि. २३ जानेवारी १९९५

चि. पूजा हिस,

आशीर्वाद. तू बरी असशील. इथे आई आणि नानासोदादा बरे आहेत. ऊसतोड जोरात चालू आहे, त्यामुळे दादा घरात फक्त जेवायला दिसतो. तुझ्या बालवाडीत या वर्षी किती मुलं आहेत, हे वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "तुमीच इचारा की तिला, तोंड हाय न्हवं."

हे पत्र पोस्टात न टाकता वहिनीच्या हाती देतो आहे. ती उद्या माहेरी येते आहे. पोस्टात का नाही, ते तुला माहीत आहे. तुमच्याकडे आलेलं कुणाचंही पत्र मामा ओसरीवर बसून मोठ्यानं वाचतात, पलटणीतली सवय. माझं अकरा तारखेचं पत्रही तू तसंच ऐकलं असशील. सतराव्या गुणसूत्रावरच्या एकट्या बहिणीपाशी तू हसली असशील किंवा उठून आत गेली असशील. हे मात्र तू एकटीनं वाच. मग वाटलं तर ओसरीवर दे.

परवा, शनिवारी दुपारी, आमच्या दारात एक राजदूत मोटारसायकल येऊन थांबली. उतरलेला माणूस माझ्याच वयाचा, अंगात स्वेटर, हाताच्या रेषांत मुरलेलं काळं ऑईल. म्हणाला, "मी कुपवाडचा अर्जुना. सुभेदारांनी, तुमच्या मामांनी, पत्ता दिला." एवढा लांब तो फटफटीवर आला होता. आईनं चहा दिला, तो त्यानं बशीत ओतून प्यायला आणि सरळ म्हणाला, "पावनं, मला कागुद नको. घरच्यास्नी पायजे, मला न्हाई. तुमी तोंडानं सांगा. पोरीला काय हाय का न्हाई?"

मी त्याला गुणसूत्रं सांगायला लागलो. त्यानं निमूटपणे ऐकलं, मध्ये एकदा जांभईसुद्धा दाबली. मग म्हणाला, "आमच्यात लेथवरनं पार्ट निघत्यात. कंपनीनं पार्ट नापास केला तर सोबत चिठ्ठी येती, का नापास केला त्येची. आटं नीट न्हाईत, भोक वाकडं हाय, कायतरी असतंयच. तुमी पोरीला न्हाई म्हनलासा, पर चिठ्ठी न्हाई दिली. मग लोक आपापल्या मनानं लिवत्यात."

मुलीला पार्ट म्हणाला म्हणून मला राग आला. खरं सांगायचं तर राग आला म्हणून मी ते निमित्त धरलं. त्याचं म्हणणं खरं होतं. बशी खाली ठेवून तो उठला. किक मारायच्या आधी म्हणाला, "रविवारी, एकोनतीसला, आमची मानसं तासगावाकडं जानार हायती. तवर सांगा. मला ती आवडलिया, ह्ये बी सांगून ठिवतो." आणि गेला.

तेव्हापासून दोन दिवस मी घरात इकडून तिकडे फिरतो आहे. काय लिहायचं ते कळत नाही, आणि कळतंय ते लिहवत नाही. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात मी तुमच्या ओसरीवर सगळ्यांचं रक्त काढलं. तासगावच्या रसवंतीतून बर्फ आणून थर्मासमध्ये भरला होता, आणि मामांनी पलटणीत टोचून घेतात तसा बाही वर करून दंड पुढे केला होता. तू शेवटी बसलीस. सुई आत असतानाच तू विचारलंस, "आन् तुमचं वो? तुमचं रगात कोन काढनार?" मी म्हणालो, माझं पुण्यात काढलंय. "मग काय आलं?" अजून लागलं नाही, म्हणालो. त्या दिवशी ते खरं होतं. पुढे दिवाळीत तू विचारलंस, आणि गेल्या वर्षी पोस्टकार्डावर एका ओळीत विचारलंस, "माझं आणि तुमचं काय आलं ते कळवावे." दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं आणि दोन्ही वेळा ते खोटं होतं. जुलैतच सगळ्यांचे निकाल माझ्या वहीत उतरले होते.

आधी आजार सांगतो, सोप्या भाषेत, कारण तुला तो कुणीच नीट सांगितला नाही. जे जनुक बिघडलंय ते एकविसाव्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या जोडीनं काम करणारी तीन जनुकं सोळाव्यावर राहतात. ती तिन्ही आपल्या घरात धडधाकट आहेत, पण एकविसाव्यावरच्या जोडीदाराशिवाय त्यांचा काही उपयोग होत नाही. प्रत्येक माणसात एकविसावी गुणसूत्रं दोन असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एका प्रतीत बिघाड असला तरी दुसरीवर काम भागतं. त्या माणसाला आयुष्यभर शिंकसुद्धा जास्त येत नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच मूल आजारी होतं. आपल्या आजोबांकडून किंवा आजीकडून एक बिघडलेली प्रत मामांना आली आणि एक माझ्या आईला आली. मामांकडून ती वहिनीला गेली, आईकडून नानासोदादाला. मामाची पोरगी करायची आपली रीत, त्या रीतीनं त्या दोघांचं लग्न झालं. अशा जोडप्याच्या दर चार मुलांत एक मूल असं निघावं असा हिशेब होता. दोघांत दोन्ही निघाली.

म्हणजे खोट असेल तर ती माझ्या आईतही आहे. हे मी कधी बोललो नाही. सगळा गाव 'सुभेदाराच्या घरचं रक्त' म्हणत राहिला आणि मी ऐकत राहिलो. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, तसं.

आता दुसरी गोष्ट, जी मी कुणालाच सांगितलेली नाही. वहिनीची धाकटी, तुमच्याच घरी जन्मलेली. बाराव्या दिवशी तिला पाळण्यात घातलं तेव्हा तिची नाळ अजून पडली नव्हती. पहिल्याचीही अशीच राहिली होती. मामी सगळ्यांना कौतुकानं सांगत होत्या, "नाळ सुटंना बगा. पोरीला घराचा लय लळा हाय." चोविसाव्या दिवशीही ती होती, तेव्हा मी आलो होतो आणि त्यांनी मला पेढा दिला होता. पूजा, नाळ गळून पडायलाही याच पांढऱ्या पेशी लागतात. महिनाभर नाळ पडली नाही तर हा आजार असू शकतो, असं एक वाक्य माझ्या पिशवीतल्या पुस्तकात होतं. त्याखाली मी स्वतः पेन्सिलीची रेघ मारली होती. मी पेढा खाल्ला आणि म्हणालो, छान आहे. चौथ्या महिन्यात बेंबीपासून पोटभर लाली पसरली, मिरजेच्या दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टर म्हणाले जखम आहे पण पू नाही, आणि मला ते पान आठवलं. एका महिन्यानं ती गेली. रक्त काढायला मी आलो ते त्यानंतर. आधी ओळखलं असतं तर वाचली असती का, हे मला माहीत नाही. बहुतेक नसती. पण बहुतेक हा शब्द मला रोज वेगळा ऐकू येतो.

मग त्र्याण्णवचीच दिवाळी. आपल्यात भाच्याचा मामाच्या मुलीवर पहिला मान असतो. भाच्याला नको असेल तर त्यानं मामाच्या दारात जाऊन, नारळ ठेवून, तोंडानं नको म्हणायचं. मग मामा दुसरीकडे बघायला मोकळा. नको म्हणताना मामाच्या डोळ्यात बघावं लागतं आणि आतल्या दाराआड कोण उभं आहे हे माहीत असतं, म्हणून कुणी सहसा नको म्हणत नाही. मामांनी त्या दिवाळीत विषय काढला. मी नारळ नेला नव्हता. मी म्हणालो, "पुन्हा दोन घरं जोडायला नकोत मामा, रक्ताचा प्रश्न आहे."

मामा म्हणाले, "म्हंजी आमच्या रगतात खोट हाय म्हंतोस व्हय रं?"

मी समोरच्या चहावरची साय बाजूला केली.

"बोल की."

मी चहाचा कप उचलला. बस, एवढंच झालं. सुंठीवाचून खोकला गेला असं मला त्या दिवशी वाटलं होतं. नकाराला शास्त्राची पगडी घातली की कुणी वाद घालत नाही. त्यानंतर तुझी दोन स्थळं मोडली, विट्याचं आणि पलूसचं, हे मला आईकडून कळत होतं. प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगितलं की मी फक्त गप्प बसलो होतो.

आता निकाल. आधी माझा.

माझ्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत. आईकडची चांगली प्रत माझ्या वाट्याला आली. म्हणजे माझ्याशी लग्न झालेल्या कुठल्याही मुलीच्या मुलांना हा आजार होणं शक्य नव्हतं, मग तिचा निकाल काहीही येवो. मामांसमोर मी रक्ताचा प्रश्न आहे म्हणालो तेव्हा हे मला चार महिने माहीत होतं. तीन वेळा करून बघितलं होतं.

आणि तुझा. तुझ्यात एक प्रत बिघडलेली आहे, वहिनीसारखी, मामांसारखी, माझ्या आईसारखी. तू निरोगी आहेस आणि राहशील. नवरा जर नात्यातला नसेल तर त्याच्यात हाच बिघाड असण्याचा संभव इतका थोडा आहे की एरवी मी तो बोललोही नसतो. अर्जुना तुमच्या नात्यागोत्यातला नाही, आणि त्याची तयारी असेल तर त्याचंही रक्त मी तपासून देईन. म्हणजे शंकाच नको. 'पूजा निर्दोष आहे' असं लिहिलं तर ते एका अर्थी खरं आणि एका अर्थी खोटं. 'पूजाच्यात एक प्रत बिघडलेली आहे' असं लिहिलं तर ते पूर्ण खरं, आणि त्यातलं 'बिघडलेली' एवढंच लोक वाचतील. यातलं कोणतं लिहू ते मला दोन दिवसांत ठरवता आलं नाही. मग लक्षात आलं की ठरवणारा मी कोण. हा निकाल तुझा आहे. अर्जुनाला सांगायचा की नाही, त्याच्या घरच्यांना किती सांगायचा, हे तू ठरव. अर्जुनाला सांगितलंस तर तो समजून घेईल असं मला वाटतं. जांभई दाबत का होईना, त्यानं सगळं ऐकलं होतं.

इथे थांबायला हवं होतं, पण मग हेही टाळणंच झालं असतं.

सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत, या माणसाशी पूजानं लग्न केलं तर मुलांना काही होणार नाही असं ज्याच्याबद्दल आज कागदावर लिहून देता येईल असा माणूस एकच आहे. तोच रक्ताचं नाव सांगून नाही म्हणाला. का म्हणालो, हे मी खूपदा स्वतःला विचारलं. कधी वाटतं पुण्यात राहून डोक्यात हवा गेली, कुणीतरी शिकलेली मिळेल असं वाटलं. कधी वाटतं लहानपणापासून 'ही तुझी' असं सगळे म्हणत आले म्हणून मी तुझ्याकडे कधी नीट बघितलंच नाही. दोन्ही खरं आहे. पण त्याखाली जे आहे ते असं की तुमच्या ओसरीच्या तुळईला पाळणा अडकवायचं कडं आहे, आणि ते दिसलं की मी त्याच्याकडे पाठ करून बसतो. निकाल सांगतो काही होणार नाही. निकाल मीच लावलेला. माझा त्याच्यावर विश्वास बसेना. मला भीती वाटली, आणि पुण्यात जनुकांचे नकाशे लावणाऱ्या माणसाला बाळाची भीती वाटते हे मामांसमोर म्हणायची लाज वाटली. म्हणून ते तुझ्या रक्तावर ढकललं.

आणि परवा अर्जुना 'मला ती आवडलिया' म्हणून निघून गेला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहितो. त्याला सांगावं की स्थळ चांगलं नाही. का, तर मला माहीत नाही. मला तू हवी आहेस म्हणून की दुसऱ्या कुणाला मिळू नयेस म्हणून, यातला फरक मला अजून कळत नाही. दीड वर्षानंतर ज्याला हे कळत नाही त्यानं विचारू नये, म्हणून मी काही विचारत नाही. तो माझ्यापेक्षा सरळ माणूस आहे.

सकाळी वहिनीला हे पत्र घेऊन जाशील का विचारलं, आणि त्यात काय आहे तेही सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "भावजी, माझी लेकरं गेली. त्यांचं नाव फुडं करून तुमी माझ्या भनीला मोडीत काढलासा. ह्ये मला कवाच कळलं हुतं. तुमी कवा सांगताय ते बगत हुते." मग म्हणाली, आणा पत्र. तिथून उठून मी हे लिहायला बसलो.

रविवारी, एकोणतीसला, सकाळच्या एस.टी.नं मी तासगावला येतो. कुपवाडची मंडळी दुपारी येतील तेव्हा मी ओसरीवर असेन. मामांना, मामींना आणि त्या सगळ्यांना मी सांगणार आहे की माझं रक्त चांगलं होतं, ते मला माहीत होतं, आणि तरी मी भिऊन नाही म्हणालो. पूजात दोष आहे असं मी कधीही म्हणालो नाही, पण तसं समजू दिलं, हेही सांगणार आहे. तुझ्या निकालाबद्दल एक शब्द बोलणार नाही. मामा मारायला उठले तर उठू देत, त्यांचा गुडघा दुखतोय, फार लांब येता येणार नाही. हा विनोद आहे आणि मला हसू येत नाहीये.

तू समोर असलीस तर मला बोलता येणार नाही, मी पुन्हा गुणसूत्रं सांगत बसेन. पण तू दाराआड असलीस तर मी पुन्हा पळवाट काढेन, म्हणून त्या दिवशी आत जाऊ नकोस. माझ्या समोरच बस.

दीड वर्ष तुझ्या साध्या प्रश्नाचं उत्तर दाबून ठेवलेला,
जोतिराम